सोनं संपल्यावर काय उरतं?

गेल्या शनिवारची गोष्ट. आमच्या वाकडच्या सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये मतदार नोंदणीचं शिबिर होतं. एक टेबल, दोन खुर्च्या, एक बाई आणि फॉर्मचा गठ्ठा. मी दूध आणायला म्हणून खाली उतरलो होतो. बाईंनी विचारलं, "नाव आहे का इथल्या यादीत?" म्हटलं, नाही, मिरजेला आहे. "मग फॉर्म आठ भरा की. पत्ता बदलून मिळेल. पाच मिनिटांचं काम." मी नेहमीप्रमाणे "संध्याकाळी येतो" असं सांगून सटकलो.

वर येऊन चहा घेताना मात्र डोक्यात तेच घोळत राहिलं. मी पुण्यात चार वर्षं राहतोय. त्याआधी दोन वर्षं बंगलोर, मध्ये दीड वर्ष ऑनसाइट मेलबर्न. एवढ्या वर्षांत प्रत्येक ठिकाणी माझं एकच उत्तर ठरलेलं : "बघू, अजून एक-दोन वर्षं." आणि अचानक बॅलराट आठवलं. मतदार यादी आणि ऑस्ट्रेलियातली सोन्याची खाण यांचा काय संबंध? आहे. बराच आहे. म्हणून तर आजचं हे एवढं लांबलचक!

बॅलराट हे मेलबर्नपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवरचं गाव. तिथे सॉव्हरिन हिल म्हणून जागा आहे. १८५० च्या दशकातली खाणवस्ती जशीच्या तशी उभी केलीय. ओढ्यात तसराळं बुडवून वाळू चाळायची आणि खरोखर सोन्याचा कण सापडतो का ते बघायचं. आमच्या टीममधला एक जण तासभर वाकून चाळत बसला होता. शेवटी पाठ धरून उठला आणि म्हणाला, "आपण तरी दुसरं काय करतोय रे? लांब यायचं, वाळू चाळायची, मिळेल ते घेऊन घरी जायचं." सगळे हसले. मीही हसलो. पण ते वाक्य काही गेलं नाही.

आता थोडा इतिहास. (कंटाळू नका, शाळेतल्यासारखा नाहीये.)

मेलबर्न तसं अगदी अलीकडचं. १८३५ मध्ये व्हॅन डिमेन्स लँडमधून, म्हणजे आजच्या टास्मानियातून, मेंढ्यांसाठी कुरणं शोधत लोक आले आणि यारा नदीच्या काठी वस्ती केली. जमीन अर्थातच रिकामी नव्हती. कुलिन लोकांची होती. जॉन बॅटमन नावाच्या माणसाने त्यांच्या म्होरक्यांशी 'करार' केला, तो सरकारने त्याच वर्षी रद्द ठरवला. कारण काय, तर जमीन मूळ लोकांची नाहीच, ब्रिटिश राजाची आहे! १८३७ मध्ये रॉबर्ट हॉडल या सर्व्हेअरने रस्त्यांचा चौकटी आराखडा आखला. मुख्य रस्ते ९९ फूट रुंद. त्या काळी त्या चिखलातून मेंढ्या आणि बैलगाड्याच जात होत्या. १८५१ मध्ये उपनगरं धरून लोकवस्ती साधारण २९ हजार. अख्ख्या व्हिक्टोरियाची ७७ हजार.

१ जुलै १८५१ ला व्हिक्टोरिया न्यू साउथ वेल्सपासून वेगळी वसाहत झाली. पण त्याच वर्षी फेब्रुवारीत तिकडे बॅथर्स्टजवळ सोनं सापडलं होतं आणि मेलबर्नची माणसं तिकडे पळायला लागली होती. घाबरलेल्या व्यापाऱ्यांनी बक्षीस लावलं : मेलबर्नपासून २०० मैलांच्या आत सोनं शोधा, २०० गिनी मिळवा. आणि सापडलं की! जुलैमध्ये क्लून्स, ऑगस्टमध्ये बॅलराट, वर्ष संपायच्या आत माउंट अलेक्झांडर आणि बेंडिगो.

आता गंमत बघा. आपल्याला वाटतं सोनं सापडलं की शहर वाढतं. प्रत्यक्षात आधी शहर रिकामं झालं. कारकुनांनी टेबलं सोडली, सुतारांनी अर्धी घरं सोडली, पोलिसांनी राजीनामे दिले, बंदरात जहाजं उभी आणि खलाशी गायब. लेफ्टनंट गव्हर्नर ला ट्रोबला राज्य चालवायला माणसं मिळेनात. सगळी टीम एकदम नोटीस पिरियडवर गेल्यावर मॅनेजरचं जे होतं ते त्याचं झालं :-)

मग १८५२ पासून जगभरातून जहाजं यायला लागली. ब्रिटन, आयर्लंड, जर्मनी, अमेरिका, चीन. उतरलेल्यांना राहायला जागा नाही, म्हणून यारेच्या दक्षिणेला तंबूंचं गावच उभं राहिलं. नावही कॅनव्हास टाउन. तंबू ठोकायलासुद्धा आठवड्याला पाच शिलिंग भाडं. १८६१ ची गणती आली तेव्हा मेलबर्न सव्वा लाखाच्या वर आणि व्हिक्टोरिया ५ लाख ४० हजारांच्या आसपास. दहा वर्षांत वसाहत सातपट! त्या दशकात जगातल्या एकूण सोन्यापैकी एक तृतीयांश एकट्या व्हिक्टोरियातून निघालं असं सांगतात.

इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही गोल्ड रशची. आणि इथेच ते सुप्रसिद्ध वाक्य टाकायची पद्धत आहे की बाबांनो, खरे श्रीमंत झाले ते फावडी विकणारे. प्रत्येक स्टार्टअपवाला हे ऐकवतो. खोटं नाही ते. पण अर्धवट आहे. फावडी विकणाऱ्याने पेठ होते, शहर होत नाही. पृष्ठभागावरचं, ओढ्यातलं सहज मिळणारं सोनं थोड्या वर्षांतच आटलं. तेव्हा हे लाखो लोक परत का गेले नाहीत? माझ्या मते खरा प्रश्न हा आहे.

पहिलं उत्तर भूगर्भात आहे. बॅलराटचं बरंचसं सोनं जुन्या, गाडल्या गेलेल्या नद्यांच्या पात्रात होतं. शंभर फुटांपेक्षा खोल विहिरी खणायच्या, पाणी उपसायचं, लाकडाने बाजू धरायच्या. महिनोन्‌महिने खणल्यावर कळायचं की खाली काही आहे की नाही. म्हणजे आज इथे, उद्या तिथे करणारा माणूस एका जागी अडकला. अडकला की शेजारी होतात, दुकान होतं, शाळा लागते.

आणि नेमकं इथे लायसन्स आडवं आलं. सरकारने १८५१ मध्येच नियम केला होता : खणायचं तर महिन्याला ३० शिलिंग भरा. सोनं सापडो न सापडो. ओढ्यात चाळणाऱ्याला एक वेळ परवडेल. सहा महिने नुसतं खणणाऱ्याला कसं परवडणार? उत्पन्नावर नव्हे, आशेवर कर! शिवाय या माणसांना मत नाही, वसाहतीच्या विधान परिषदेत कोणी प्रतिनिधी नाही. १८५४ मध्ये नवा गव्हर्नर चार्ल्स हॉथम आला. तिजोरीत खडखडाट होता म्हणून त्याने आठवड्यातून दोनदा लायसन्स तपासणीचा हुकूम दिला. पोलिस घोड्यावरून यायचे, विहिरीतून माणसं वर काढायचे, कागद दाखवा म्हणायचे. कागद तंबूत राहिला तरी अटक.

नोव्हेंबर १८५४ च्या शेवटी बॅलराटच्या खाणकऱ्यांनी लायसन्सं जाळली. युरेका नावाच्या जागी ओंडक्यांचं कुंपण घालून आत बसले. पीटर लेलर हा आयरिश तरुण त्यांचा पुढारी. स्वतः इंजिनियर, वय २७. (हे वाचताना मी जरा सरसावून बसलो होतो हे कबूल.) ३ डिसेंबरच्या पहाटे सैन्य आणि पोलिस चालून आले. लढाई अर्धा तासही चालली नाही. वीसहून जास्त खाणकरी आणि काही सैनिक मेले. लेलरचा डावा हात गेला.

हरले. पण पुढे काय झालं पाहा. तेरा जणांवर राजद्रोहाचे खटले भरले, मेलबर्नच्या ज्युरीने एकालाही दोषी धरलं नाही. १८५५ मध्ये मासिक लायसन्स गेलं आणि त्या जागी 'मायनर्स राइट' आला : वर्षाला एक पौंड. बाकी कर निर्यात होणाऱ्या सोन्यावर, म्हणजे सापडलेल्या सोन्यावर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्या एक पौंडाच्या कागदाबरोबर मताचा हक्क आणि घर बांधायला छोटा तुकडा मिळण्याची सोय आली. त्याच वर्षी लेलर विधिमंडळात निवडून गेला. पुढे तर सभापती झाला. १८५६ मध्ये व्हिक्टोरियाने गुप्त मतदान आणलं, जगात ते करणाऱ्या अगदी पहिल्यांपैकी एक. १८५७ मध्ये कनिष्ठ सभागृहासाठी पुरुषांना मालमत्तेच्या अटीशिवाय मत. (बायकांना मात्र १९०८ पर्यंत थांबावं लागलं.)

कालपर्यंत ज्याच्या खिशात 'खणायचा परवाना' होता त्याच्या खिशात आता 'इथला माणूस' असल्याचा कागद आला. माझ्या मते मेलबर्न आणि बॅलराट शहर झाली ती या क्षणी.

दुसरी गोष्ट खर्चाची. ३ जुलै १८५४. हॉथमने एकाच दिवशी दोन कोनशिला बसवल्या, मेलबर्न विद्यापीठाची आणि सार्वजनिक ग्रंथालयाची. हाच तो लायसन्सवाला हॉथम, हेच ते वर्ष. माणसं अशी सरळ नसतात. कॅनव्हास टाउनमध्ये लोक तंबूत झोपत होते आणि शहर ग्रंथालय बांधत होतं! तेव्हाही कोणीतरी 'आधी घरं बांधा' म्हटलंच असेल, आणि ते चूकही नव्हतं. पण त्याच वर्षी १२ सप्टेंबरला बंदरापर्यंतची रेल्वे सुरू झाली. आपली मुंबई-ठाणे १६ एप्रिल १८५३ ची, म्हणजे आपण दीड वर्ष पुढे होतो. १८५७ च्या शेवटच्या दिवशी यान यीन तलावाचं पाणी नळाने शहरात आलं. त्याआधी लोक यारेचं गढूळ पाणी गाडीवाल्याकडून विकत घेत. टँकरच म्हणा ना! सोनं सापडल्यापासून साडेसहा वर्षांत टँकर संपला. वाकडच्या माणसाने हे वाक्य दोनदा वाचावं.

आणि २१ एप्रिल १८५६. विद्यापीठाच्या बांधकामावरच्या पाथरवटांनी हत्यारं खाली ठेवली आणि संसद भवनाकडे मोर्चा नेला. मागणी : दिवसाला आठ तास काम. बांधकामं धडाक्यात चालू, कारागीर कमी, आणि आता त्यांचं ऐकावं लागेल असं वातावरण. पगार न कापता आठ तास मिळाले. रात्री साडेदहाचा कॉल घेणाऱ्या आपल्यासारख्यांनी त्या पाथरवटांना एक सलाम ठोकायला हरकत नाही.

तुम्ही म्हणाल, फार गोड चित्र रंगवतोय. बरोबर. म्हणून आता कडू भाग. ज्या १८५५ मध्ये मायनर्स राइट आला त्याच १८५५ मध्ये आणखी एक कायदा झाला : बंदरावर उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसामागे दहा पौंड. ते वाचवायला चिनी खाणकरी शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियातल्या रोब बंदरात उतरायचे आणि तिथून चारशेहून जास्त किलोमीटर पायी चालत खाणींवर यायचे. १८५७ मध्ये बकलंड नदीवर त्यांची वस्ती जाळून त्यांना हाकलून दिलं. ज्यांच्या जमिनीतून हे सगळं सोनं निघालं, त्या वाडावुरंग आणि जा जा वुरंग लोकांना तर कोणी विचारलंच नाही. त्यांच्या नद्या उकरल्या, झाडं तोडली, शिकार संपली. १९०१ पासून गोऱ्यांखेरीज इतरांना दार बंद करणारा कायदाच झाला, ते धोरण पूर्णपणे जायला १९७३ उजाडलं. म्हणजे मी माझ्या आजोबांच्या वयाचा असतो तर मेलबर्नमधलं ते डेस्क मला मिळालं नसतं. लिटल बर्क स्ट्रीटवरचं चायनाटाउन मात्र १८५० च्या दशकापासून तिथेच आहे. हाकलूनही जे राहिले, त्यांनीही ते शहर बनवलं.

आणि सोनं म्हणजे शहर हे समीकरण खोटं आहे याचे पुरावे त्याच राज्यात आहेत. मेलबर्नच्या पूर्वेला डोंगरात वॉलहाला नावाचं गाव आहे. १८६० च्या दशकात तिथे सोनं सापडलं, लाँग टनेल ही व्हिक्टोरियातल्या सगळ्यात श्रीमंत खाणींपैकी एक. लोक रेल्वे मागत राहिले. ती आली १९१० मध्ये. १९१४ मध्ये शेवटची मोठी खाण बंद. विजेच्या ग्रिडला गाव जोडलं गेलं ते १९९८ मध्ये! आज तिथे मूठभर लोक राहतात. एकाच गोष्टीवर उभं राहिलं की असं होतं. बॅलराटने सोनं असतानाच लोखंडाचे कारखाने काढले, तिथल्या फिनिक्स फाउंड्रीने पुढे शेकडो रेल्वे इंजिनं बनवली. १८७० मध्ये खाणशास्त्राची शाळा काढली. अर्थात मेलबर्नही काही शहाण्यांचं गाव नव्हतं. १८८० च्या दशकात जमिनीच्या सट्ट्याने डोकं फिरलं आणि १८९१ ते १८९३ मध्ये बँकांवर बँका बसल्या. हजारो लोक पुन्हा नव्या सोन्यामागे वेस्टर्न ऑस्ट्रेलियाला गेले. तरी शहर टिकलं, कारण बंदर होतं, रेल्वे होती, विद्यापीठ होतं, आणि इथलेच म्हणवणारे लोक होते.

दुसरा पुरावा आपल्याकडचा. बंगलोरला असताना टीममधला एक जण रोज कोलार गोल्ड फील्ड्सहून ट्रेनने यायचा. एका रविवारी त्याच्याकडे गेलो होतो. काय नव्हतं त्या गावात! १८८० पासून लंडनच्या जॉन टेलर अँड सन्सच्या खाणी, १९०२ मध्ये शिवनसमुद्रहून आलेली वीज. बंगलोरच्या रस्त्यांवर दिवे लागले १९०५ मध्ये, त्यांच्यानंतर. साहेबांचे बंगले, क्लब, गोल्फ. आणि खालच्या बाजूला मजुरांच्या चाळी. वीज होती, पण राज्यकारभारात खाणीतल्या माणसाला विचारत कोण होतं? सोनं लंडनला, नफा लंडनला. १९५६ मध्ये सरकारने खाणी ताब्यात घेतल्या तोवर मलई गेलेली. २८ फेब्रुवारी २००१ ला खाण बंद. माझ्या मित्राचे वडील त्या खाणीत होते. आता मुलगा पहाटेच्या गाडीने बंगलोरला येऊन कोड लिहितो. एक गोल्ड रश संपला, दुसऱ्यात नोकरी लागली.

तर सांगायचा मुद्दा असा. सोनं माणसं गोळा करतं, बस्स. ती माणसं डिगर राहतात की गावकरी होतात, यावर पुढचं ठरतं. आणि त्यासाठी दोन्ही बाजूंनी हात पुढे यावा लागतो. व्यवस्थेने हक्क द्यायला हवा आणि माणसाने 'आता मी इथला' म्हणायला हवं. बॅलराटच्या लोकांना तो हक्क मिळवायला पहाटे गोळ्या खाव्या लागल्या. आपल्याकडे? क्लब हाउसमध्ये टेबल टाकून बाई विचारतायत, फॉर्म भरता का. आणि मी दूध आणायच्या घाईत!

आमच्या मजल्यावर चार फ्लॅट, सगळे आयटीवाले. एकाचंही नाव इथल्या यादीत नाही. टँकर, खड्डे, ट्रॅफिक यावर आम्ही रोज बोलतो. पण ज्याला निवडून यायचंय त्याच्या हिशोबात आम्ही नाहीच. का असावं? आम्हीच स्वतःला धरत नाही. आम्ही वाळू चाळतोय, मिळेल ते घेऊन जाणार आहोत. कुठे जाणार, ते मात्र कोणालाच माहीत नाही.

रविवारी सकाळी बाबांना फोन केला. म्हटलं, मतदार यादीतलं नाव पुण्याला आणतोय. ते जरा वेळ गप्पच झाले. मग म्हणाले, "म्हणजे मिरजेचं नाव जाणार?"

"हो. एकाच ठिकाणी ठेवता येतं ना, बाबा."

"मग तू आता तिथलाच झालास म्हणायचं."

काय बोलावं कळेना. खरं सांगायचं तर चार वर्षं फॉर्म न भरण्याचं कारण आळस नव्हताच, हे वाक्य होतं. ते कोणीतरी म्हणेल याची भीती होती. युरेकाच्या कुंपणात बसलेल्या त्या लोकांच्याही घरी कुठेतरी आयर्लंडमध्ये, कॉर्नवॉलमध्ये कोणीतरी 'परत कधी येणार' विचारत असणारच. शहर उभं राहतं तेव्हा दुसरीकडे एका घरातली एक खोली कायमची रिकामी होते. हा हिशोब गोल्ड रशच्या पुस्तकांत कोणी मांडत नाही.

शेवटी बाबाच म्हणाले, "भर बाबा. तिथे राहतोस तर तिथलं पाणी नीट येऊ दे. इथलं आम्ही बघतो."

शिबिर रविवारी दुपारपर्यंतच होतं. साडेबाराला खाली गेलो. बाई टेबल आवरत होत्या. "संध्याकाळी येतो म्हणाला होतात ना?" हसत म्हणाल्या आणि फॉर्म पुढे केला.

खरंच पाच मिनिटं लागली.